डावीकडचं स्टिअरिंग

खोक्यावर लिहिलंय, एकास चोवीस.
म्हणजे या गाडीच्या मापाने
माझा पंजा पंधरा फूट लांब.
आधी तोच घाबरला.

एकशे सात तुकडे, चौकटींना लटकलेले.
सूचना सगळ्या जपानीत.
भाचा म्हणाला, "मामा, नुसते बाण बघत जा."
बाण कळतात मला.
सातपूरला पेंट शॉपमध्ये एकतीस वर्षं
बाण बघूनच आत गेलो, बाण बघूनच बाहेर आलो.
किती गाड्या रंगवल्या, त्याचा हिशेब
निवृत्तीच्या आदल्या रात्री मांडला होता.
आकडा इतका मोठा आला की खोटा वाटला,
खोडून टाकला.
घरी लुना होती.

द्वारकाने (चौक नव्हे, आमची)
माझ्या हातातली पक्कड काढून घेतली.
माहेर पिंपळगाव बसवंत.
ड्रॉवरच्या तळातून तिने
द्राक्षाच्या विरळणीची कात्री काढली,
आणि घडातला दाटीचा मणी उडवावा
तशी टिच, टिच,
बंपर, वायपर, दारांच्या मुठी
ओंजळीत गोळा केल्या.
"देठ ठेवू का थोडा?"
नको म्हटलं. देठ मी घासतो,
आठशे नंबरच्या पेपरने, पाणी लावून.
हात थरथरतो हल्ली,
पण घासताना थरथर उपयोगी पडते.

रंगाचं मात्र दोन दिवस अडलं.
कारखान्यात रंग वरच्या मजल्यावर ठरायचा,
खाली फक्त नंबर यायचा.
आता वर कोणीच नाही
आणि मला काही सुचेना.
ती म्हणाली, "सायीचा द्या."
दिला. बघितला. मान हलवली.
"ही आजची साय. कालची असते ना, तशी."
मग पिवळ्याचा एक थेंब, काडीच्या टोकाने.
तसा रंग होता अण्णांच्या फियाटचा.

त्या फियाटमधून एकदाच गेलो, वणीला.
आठ माणसं आणि नारळाचं पोतं.
ही पुढे, डावीकडे, मांडीवर सुधन्वा.
नांदुरीच्या घाटात प्रत्येक वळणावर
तिचा उजवा पाय
नसलेला ब्रेक दाबत होता.
अण्णा हसले. मागचे सगळे हसले.
मीही हसलो.

जानेवारीची थंडी, नऊ अंशांवर पारा.
रंग वाळेना, म्हणून टप
गॅलरीतल्या उन्हामागे सरकवत बसलो,
कुरडया सरकवतात तसा.
आणि त्या घाईत चूक झाली.

डॅशबोर्ड दोन दिले होते,
एक तिकडच्या देशांसाठी, एक आपल्यासाठी.
मी तिकडचा लावला.
हा डिंक नव्हे, की कोमट पाण्यात सुटेल.
हे द्रावण प्लॅस्टिक विरघळवतं,
दोन्ही कडा एकमेकांत उतरतात,
नंतर सांधा शोधूनही सापडत नाही.
सकाळी चष्मा लावून पाहिलं
तर स्टिअरिंग डावीकडे.
"गेली," म्हटलं. "आरटीओ पास करणार नाही."
एकतीस वर्षांत
माझ्या हातून एक गाडी परत आली नव्हती.

ती कणकेचे हात तसेच ठेवून वाकली.
टप अजून बसवायचा होता,
वरून सगळं उघडं दिसत होतं,
दोन सीटा, मध्ये गियरचा दांडा.
बराच वेळ बघत राहिली.
"अहो," म्हणाली,
"हे तर माझ्या बाजूला आलं."

मी काही बोललो नाही.
बोलण्यासारखं होतं, ते फार जुनं होतं.

"आणि ब्रेक?"

चौकटीच्या कोपऱ्यात राहिले होते तिन्ही पेडल,
तांदळाच्या कण्यांएवढे.
क्लच मी लावला. ॲक्सिलरेटर मी लावला.
मग चिमटा तिच्याकडे दिला.
तिने हात धुतले, पदराला पुसले,
श्वास धरला
आणि मधला
जागेवर ठेवून
दाबून धरला,

मी "वाळला आता" म्हणालो
त्यानंतरही.